घरच्या घरी पिनबॉल मशीन: लाखनीसारख्या गावात ते कसं बनवता येईल आणि वायरिंग कसं करायचं?

विंडोज एक्सपीच्या जमान्यात कॉम्प्युटर वापरलेल्या प्रत्येकाला 'स्पेस कॅडेट' हा पिनबॉलचा गेम आठवत असेल. पुढे विंडोज व्हिस्टा आलं आणि हा गेम गायब झाला. खरंखुरं पिनबॉल मशीन मात्र आपल्याकडे फार थोड्यांनी पाहिलंय. विकत घ्यायचं तर ते परदेशातून मागवावं लागतं आणि किंमत लाखांत जाते.

मग ते घरी बनवता येईल का? भंडारा आणि साकोलीच्या मध्ये, राष्ट्रीय महामार्गावर असलेल्या लाखनीसारख्या तालुक्याच्या गावात राहूनही? तर हो, येईल. पण त्यातलं वायरिंग समजून न घेता हात घातला, तर कॉइल जळते आणि कधीकधी आगही लागू शकते.

पिनबॉल आला कुठून?

याचं मूळ 'बॅगाटेल'मध्ये आहे. लाकडी पाटावर खिळे ठोकलेले, स्प्रिंगने गोळी मारायची आणि ती कोणत्या खणात पडते ते बघायचं, असा हा खेळ. जत्रेत आणि जुन्या घरांत अनेकांनी तो खेळलाही असेल. 1871 साली माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत या खेळातल्या सुधारणांचं पेटंट घेतलं. 1933 च्या 'कॉन्टॅक्ट' या मशीनमध्ये विजेवर चालणारी कॉइल गोळीला ढकलू लागली. खेळाडूच्या हातातले फ्लिपर आले ते 1947 मध्ये, गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनमधून.

फ्लिपर येण्याआधी गोळी सोडल्यावर खेळाडूच्या हातात फारसं काही उरत नसे. त्यामुळे हा जुगार मानला गेला आणि 1942 मध्ये न्यूयॉर्क शहराने त्यावर बंदी घातली. ती उठली थेट 1976 मध्ये. पत्रकार रॉजर शार्प यांनी अधिकाऱ्यांसमोर खेळून दाखवलं, गोळी कुठे जाणार ते आधी सांगितलं आणि ती तिथेच मारली.

सांगाडा कसा बनवायचा?

व्यावसायिक मशीनचा खेळण्याचा पाट साधारण 20 इंच रुंद आणि 42 इंच लांब असतो. घरी 12 मिमी जाडीचा चांगला प्लायवूड पुरतो. पाटाला सुमारे साडेसहा अंशांचा उतार लागतो. म्हणजे 42 इंचांच्या पाटाची मागची बाजू पुढच्यापेक्षा साधारण पावणेपाच इंच उंच ठेवायची. उतार कमी पडला तर गोळी रेंगाळते, जास्त झाला तर खेळ दोन सेकंदांत संपतो.

गोळी स्टीलची, 27 मिमी व्यासाची आणि सुमारे 80 ग्रॅम वजनाची असते. बेअरिंगच्या दुकानात अशा गोळ्या मिळू शकतात. वायरिंगला हात लावण्याआधी खिळे आणि रबर बँड लावून गोळी नुसतीच सोडून बघावी. ती कुठे अडकते ते इथेच कळतं.

मशीनचा जीव कॉइलमध्ये

फ्लिपर हलतो तो सोलेनॉइडमुळे. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून वीज गेली की आतला लोखंडी दांडा जोरात ओढला जातो. हे काम समजणारा माणूस गावातच सापडतो. धानपट्ट्यात शेतीपंपांच्या जळालेल्या मोटारी पुन्हा भरून देणारे कारागीर असतात. तारेचा गेज आणि वेढ्यांची संख्या सांगितली तर ते कॉइलही गुंडाळून देऊ शकतात. भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहेच. स्विचच्या पट्ट्यांसाठी पितळेचा पातळ पत्रा चालतो.

मोठ्या मशीनमध्ये कॉइलला साधारण 50 व्होल्ट दिले जातात. पहिल्या प्रयत्नासाठी 24 व्होल्ट डीसी पुरेसे आहेत.

कॉइल का जळते?

समजा कॉइलचा रोध 4 ओहम आहे. 24 व्होल्टला त्यातून 6 अँपिअर, म्हणजे 144 वॅट जातात. क्षणभराच्या झटक्यासाठी हे ठीक आहे. पण खेळाडूने बटण दाबून धरलं तर कॉइल काही वेळातच तापून धूर सोडू लागते.

उपाय जुना आणि सोपा आहे. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची आणि दुसरी बारीक तारेची. फ्लिपर पूर्ण वर गेला की टोकाचा छोटा स्विच उघडतो आणि बारीक तारही मार्गात येते. ती 100 ओहमची असेल तर एकूण रोध 104 ओहम होतो आणि वापर साडेपाच वॅटच्या आसपास येतो. एवढ्यावर फ्लिपर वर धरून राहतो आणि कॉइलही फार तापत नाही.

वायरिंग करताना काय लक्षात ठेवायचं?

• वीजपुरवठा: दोन फ्लिपर एकदम उडाले तर 12 अँपिअर लागतात. म्हणून 24 व्होल्ट, 15 अँपिअरचा एसएमपीएस घ्यावा. आर्डुइनोला वेगळे 5 व्होल्ट द्यावेत, पण दोन्हींची निगेटिव्ह बाजू जोडलेली हवी.

• मॉसफेट: आर्डुइनोची पिन जेमतेम 20 मिलिअँपिअर देते, ती कॉइल चालवू शकत नाही. मध्ये लॉजिक लेव्हल मॉसफेट लागतो. त्याच्या गेटपासून निगेटिव्हला 10 किलोओहमचा रेझिस्टर जोडावा. नाहीतर मशीन सुरू होताना कॉइल आपोआप उडू शकते.

• डायोड: कॉइल बंद होताना उलटा, शेकडो व्होल्टपर्यंत जाणारा झटका देते. प्रत्येक कॉइलला समांतर एक 1N4007 डायोड लावावा, पट्ट्याची बाजू पॉझिटिव्हकडे. तो उलटा लागला तर शॉर्ट सर्किट होतं.

• फ्यूज: प्रत्येक कॉइलला स्वतंत्र फ्यूज हवा. प्रोग्रॅम अडकला आणि कॉइल चालूच राहिली, तर शेवटचा आधार तोच.

• स्विच: गोळी एकदा लागली तरी पट्टी थरथरते आणि गुण दोन-तीनदा मोजले जातात. प्रोग्रॅममध्ये काही मिलिसेकंदांची थांबणी ठेवावी. स्विच वाढले तर 4 ओळी आणि 4 स्तंभांची जाळी करावी. 8 तारांवर 16 स्विच वाचता येतात. मात्र प्रत्येक स्विचला एक डायोड हवा.

• टिल्ट: मशीन हलवून फसवणाऱ्यांसाठी धातूच्या कड्यात एक छोटा ओळंबा टांगायचा. तो कड्याला टेकला की खेळ बंद.

24 व्होल्टचा झटका सहसा जीवघेणा नसतो, पण एसएमपीएसमध्ये येणारे 230 व्होल्ट असतात. ती बाजू झाकलेली, तीन पिनांच्या प्लगला जोडलेली आणि अर्थिंग असलेली हवी. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. दुरुस्तीआधी प्लग काढून थोडा वेळ थांबावं, कारण कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

सुरुवात कुठून?

एक फ्लिपर, एक बटण, एक फ्यूज. एवढंच आधी टेबलावर जोडून शंभर वेळा उडवून बघावं. कॉइल फक्त कोमट राहिली तर दुसरा फ्लिपर, मग स्विच आणि सगळ्यात शेवटी दिवे व आवाज. सगळं एकदम जोडलं तर बिघाड नेमका कुठे आहे, ते शोधण्यातच आठवडे जातात.

मशीन तयार झाल्यावर जत्रेत पैसे घेऊन ठेवायचा विचार असेल, तर 1887 चा महाराष्ट्रातला जुगार प्रतिबंधक कायदा माहीत हवा. निव्वळ कौशल्याच्या खेळांना तो लागू होत नाही. पण बक्षीस म्हणून पैसे ठेवले, तर न्यूयॉर्कमध्ये पडलेलाच प्रश्न इथेही उभा राहू शकतो: गोळी नशिबाने गेली की हाताने? त्यामुळे आधी पोलीस ठाण्यात विचारून परवानगीचं बघावं आणि मगच मशीन मांडावं.