रेसिंग गेममधलं वळण आणि कानामागची वीज

माझा मामेभाऊ बोरिवलीला राहतो, टी.वाय.ला आहे. टेबलाला स्टिअरिंग व्हील अडकवून तो रात्रभर रेसिंग गेम खेळतो. गेल्या महिन्यात त्याचा मेसेज आला, "ताई, कानामागे दोन ईसीजीचे पॅड आणि ९ व्होल्टची बॅटरी लावली तर गाडी वळताना खरंच वळल्यासारखं वाटेल ना?" मी लगेच "नको" म्हटलं. पण प्रश्न चांगला होता. त्याच्यामागे दोनशे वर्षांचा इतिहास आहे आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तो वाचावा असं मला वाटतं.

या पद्धतीला गॅल्व्हॅनिक व्हेस्टिब्युलर स्टिम्युलेशन म्हणतात, थोडक्यात जीव्हीएस. आतल्या कानात समतोलाचं इंद्रिय असतं. डोकं फिरलं की तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना कळतं. डोकं कललं किंवा वेग बदलला की ओटोलिथ अवयवांना कळतं. कानामागच्या हाडावर इलेक्ट्रोड लावून साधारण एक मिलिअँपिअर प्रवाह सोडला, की या इंद्रियाच्या नसांचे संदेश बदलतात.

बरेच पेपर सुरुवातीलाच व्होल्टाचं नाव घेतात: त्याने कानांत वीज सोडली आणि त्याला चक्कर आली. मूळ पत्र उघडून बघा. १८०० साली रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सना लिहिलेल्या त्या पत्रात भर आहे तो डोक्यात बसलेल्या धक्क्यावर, आणि काहीतरी रटरट शिजतंय अशा आवाजावर. प्रयोग धोक्याचा वाटला म्हणून त्याने तो पुन्हा फारसा केलाच नाही. म्हणजे त्याला रस होता तो ऐकण्यात. एकाने लिहिलं, दुसऱ्याने त्यावरून लिहिलं, असं करत चक्कर त्याच्या नावावर चढत गेली. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्येही असा एखादा व्होल्टा नक्की सापडेल.

चक्करेकडे चक्कर म्हणून नीट पाहिलं ते पुर्किन्येने, १८२० च्या सुमारास. मग १८७० च्या आसपास बर्लिनमध्ये एडुआर्ड हिट्झिग. डोक्यातून प्रवाह सोडला की माणसाचे डोळे आपोआप हलतात, हे त्याने पाहिलं. हे मेंदूमुळे होत असावं असं समजून त्याने फ्रिट्शबरोबर कुत्र्याच्या मेंदूला थेट वीज लावली, आणि हालचालीचा भाग मेंदूच्या पृष्ठभागावर असतो हे १८७० साली दाखवून दिलं. आज आपण ते डोळ्यांचं हलणं आतल्या कानाच्या खात्यात टाकू. एवढा मोठा शोध बहुधा चुकीच्या अंदाजावरून लागला, याची मला अजून गंमत वाटते.

त्याच दशकात अर्न्स्ट माख. रेल्वेने एका तीव्र वळणावरून जाताना त्याला बाहेरची घरं आणि झाडं तिरकी दिसली. हे तुम्हीही करून बघू शकता. घाटकोपरहून वर्सोव्याकडे जाणाऱ्या मेट्रोत उभे राहा आणि वळण आलं की समोरच्या इमारतींकडे बघा. वळणावर गुरुत्वाकर्षणात बाजूचं बल मिसळतं आणि शरीराला "खाली" ही दिशाच थोडी सरकलेली वाटते. ओटोलिथना कलणं आणि बाजूला ढकललं जाणं यातला फरक एकट्याने सांगता येत नाही. मोठ्या ड्रायव्हिंग सिम्युलेटरची खुर्ची याच कमतरतेचा फायदा घेते. ती तुम्हाला नुसती कलवते आणि पडद्यावरचं चित्र बघून मेंदू त्याचं वळण करतो.

आता विजेकडे परत. या नसा आपण स्वस्थ बसलेलो असतानाही संदेश पाठवत असतात. माकडांमध्ये मोजलं तर नलिकांच्या नसांत सेकंदाला सुमारे ९० स्पंद. कॅथोडच्या बाजूला हा वेग वाढतो, अॅनोडच्या बाजूला कमी होतो. मेंदू समजतो की आपण कॅथोडकडे झुकतोय. उभा माणूस ते सावरायला जातो, म्हणून त्याचं शरीर प्रत्यक्षात अॅनोडकडे झुकतं. खुर्चीत टेकून बसलेल्याला सावरायचंच नसतं, म्हणून त्याला नुसता कॅथोडकडे गेल्याचा भास होतो. पेपर वाचताना दिशा उलटसुलट वाटल्या तर आधी बघा, माणूस उभा होता की बसलेला.

२००५ साली लॉस एंजेलिसच्या सिग्राफमध्ये तारो माएदा आणि जपानच्या एनटीटीमधल्या सहकाऱ्यांनी हे लोकांसमोर आणलं. चालणाऱ्या माणसाला रिमोटने डावी-उजवीकडे वळवलं, आणि रेसिंगच्या चित्राबरोबर प्रवाह जुळवून वळणं जाणवून दिली. वळणंच का, हा खरा मुद्दा आहे. दोन कानांमागे दोन इलेक्ट्रोड असले की प्रवाह एका बाजूच्या सगळ्या नसांवर एकदमच परिणाम करतो. सगळ्यांची बेरीज मुख्यतः डावी-उजवीकडे कलण्याची येते. वळणाला ते चालतं. पण रेसिंगमध्ये ब्रेक आणि अॅक्सिलरेटरही असतात, आणि पुढे-मागेचा भास या जोडणीतून नीट येत नाही. २०१५ मध्ये माएदांच्याच गटाने चार ठिकाणी इलेक्ट्रोड लावून तिन्ही अक्षांभोवती शरीर झुकतं हे दाखवलं. मधला प्रश्न दहा वर्षं सगळ्यांसमोरच पडून होता. २०१६ मध्ये सॅमसंगने एन्ट्रिम फोरडी नावाचा हेडफोन दाखवला, तो दुकानात कधी आलाच नाही.

मामेभावाला मी शेवटी सविस्तर लिहिलं. बॅटरी व्होल्टेज देते आणि आपल्याला नेमका प्रवाह हवा असतो. त्वचेचा रोध घामाने बदलतो, आणि बोरिवलीत मे महिन्यात घामाचं काय सांगावं! एकाच दिशेचा प्रवाह बराच वेळ राहिला तर पॅडखाली रासायनिक भाजतं. प्रवाह अचानक चालू झाला तर तोल जातो. फिट्स येणाऱ्यांना किंवा पेसमेकर असलेल्यांना प्रयोगात घेतच नाहीत. माणसांवर प्रयोग करायचा तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे एथिक्स कमिटीची मान्यता लागते. "माझ्याच डोक्यावर करतोय" हे उत्तर तिथे चालत नाही.

त्याने उत्तरात एकच विचारलं, "मग चार पॅड कुठे लावले होते?" त्याला २०१५ चा पेपर पाठवलाय. बॅटरी मामीकडे जमा आहे.