फूड प्रोसेसर घ्यावा की नाही? टावर चौकात जाण्याआधी घरीच करा हा हिशेब

उज्जैन : फ्रीगंजमधल्या टावर चौकात संध्याकाळी दोन प्रकारची गर्दी असते. एक चाटच्या गाड्यांवर, दुसरी आजूबाजूच्या दुकानांत. सणासुदीला भांडी, मिक्सर, कुकर पाहायला आलेलं कुटुंब हमखास एका मोठ्या खोक्यापाशी थांबतं. खोक्यावर कणकेचा गोळा, गाजराचा कीस आणि काकडीच्या चकत्यांचा फोटो असतो. ‘सगळी कामं एकाच मशीनमध्ये’ असं दुकानदार सांगतो. काही घरांत हे मशीन रोज चालतं, काही घरांत दुसऱ्याच महिन्यात माळ्यावर जातं. हाच प्रश्न इंदूर, बऱ्हाणपूर, बेळगाव, निपाणीतही पडतो. म्हणून खरेदीआधी काय तपासावं, याची ही माहिती.

मिक्सर वेगळा, प्रोसेसर वेगळा

मिक्सरचं काम वाटणं आणि दळणं. भांडं अरुंद, पातं लहान, वेग प्रचंड. घरगुती मिक्सरची मोटर रिकामी चालताना मिनिटाला साधारण 18,000 ते 20,000 फेरे घेते. म्हणून ओली चटणी, मसाला, दाण्याचं कूट तिथं चांगलं होतं.

प्रोसेसरचं काम चिरणं, किसणं, चकत्या करणं आणि मळणं. भांडं रुंद असतं आणि पातं किंवा तबकडी मिक्सरपेक्षा बरीच हळू फिरते. पण जोर जास्त लागतो. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक प्रोसेसर म्हणजे एकच मोटर, तिच्यावर बसणारी मिक्सरची दोन-तीन भांडी आणि एक मोठं प्रोसेसरचं भांडं.

दोघांचा जन्मही वेगळ्या गरजेतून झाला. फ्रान्समध्ये पियेर वेर्दों यांनी आधी हॉटेलांच्या आणि केटरिंगच्या स्वयंपाकघरांसाठी असं यंत्र बनवलं. त्याचं घरगुती रूप 1970च्या दशकाच्या सुरुवातीला आलं आणि 1973मध्ये कार्ल सॉन्थायमर यांनी ते ‘क्विझिनार्ट’ नावानं अमेरिकेत आणलं. भारतात मात्र परदेशी मिक्सर आपल्या मसाल्यापुढे टिकेना, म्हणून मुंबईचे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांनी ‘सुमीत’ मिक्सर घडवला. म्हणजे मिक्सर आपल्या वाटणासाठी तयार झाला, तर प्रोसेसर मुळात ढीगभर भाजी चिरण्यासाठी. खरेदीचा निर्णयही याच फरकावर ठरतो.

माळव्यातल्या मराठी घराचा स्वयंपाक

राणोजी शिंद्यांच्या काळापासून उज्जैनमध्ये मराठी घरं आहेत. त्यांच्या स्वयंपाकघरात पुरणपोळी आणि दाल-बाफले दोन्ही होतात. त्यामुळे मशीन दोन्हीकडे चालायला हवं. कुठल्या कामाला ते खरंच उपयोगी पडतं?

पोळ्यांची कणीक : अर्धा किलोपर्यंतचं पीठ बहुतेक मोठ्या भांड्यांत एक-दोन मिनिटांत मळून होतं. आधी पीठ, मीठ, तेल. मग झाकणाच्या नळीतून थोडं थोडं पाणी. गोळा झाला की लगेच थांबवायचं. जास्त फिरवलं तर कणीक गरम होऊन चिवट होते. नंतर पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवणं मशीनच्या कणकेलाही चुकत नाही.

बाफल्यांचं पीठ : जाडसर, तुपाचं मोहन घातलेलं आणि घट्ट. इथं मोटरवर सगळ्यात जास्त ताण येतो. निम्म्या निम्म्या वाटणीनं मळावं, नाहीतर हातानंच बरं.

पुरण : शिजवलेलं, गूळ घालून आटवलेलं पुरण कोमट झाल्यावर पात्यानं छान एकजीव होतं. पण वर्षातून दोन-तीनदाच पुरण होत असेल तर पुरणयंत्र पुरतं.

भुट्ट्याचा कीस : पावसाळ्यात कणसं किसताना बोटं सोलवटतात. दाणे सुरीनं काढून, थांबत थांबत फिरवले तर हवा तसा जाडसर कीस मिळतो. गाजर हलवा, दुधीचे मुठे, कोबीच्या वड्या यांनाही किसण्याची तबकडी उपयोगी.

कांदा : दहा-बारा कांदे असतील तर फायदा. बटण दाबायचं आणि सोडायचं, दोन-तीन वेळा. सलग चालवलं की कांद्याला पाणी सुटून लगदा होतो. पोह्यांना लागणाऱ्या दोन कांद्यांसाठी सुरीच बरी.

काय नीट होत नाही : खमंग काकडीची काकडी विळीवर कोचवलेलीच हवी, मशीनमध्ये तिचं पाणी होतं. नारळाचे तुकडे बारीक होतात, पण खवलेल्या नारळाचा मऊपणा येत नाही. रुंद भांड्यात थोडीशी चटणी वाटली जात नाही, ती कडांना चिकटून बसते.

वेळ वाचतो की मनगट?

‘वेळ वाचतो’ हे दुकानातलं पहिलं वाक्य. ते अर्धंच खरं. चार माणसांची कणीक हातानं मळायला साधारण आठ-दहा मिनिटं लागतात. मशीन दोन मिनिटांत मळतं, पण भांडं बसवणं, पात्याखालची कणीक काढणं, झाकण आणि नळी धुणं यात पाच-सहा मिनिटं जातात. म्हणजे लहान कुटुंबात वेळेचा फायदा जवळपास नाहीच. आठ-दहा माणसांच्या घरात तो दिसू लागतो.

खरा फायदा हातांना होतो. मनगट, अंगठा किंवा बोटांचे सांधे दुखत असताना रोज कणीक मळणं म्हणजे रोजची शिक्षा. अनेक घरांत हे दुखणं बोलून दाखवलं जात नाही. पोळ्या वेळेवर ताटात येतात, म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही. अशा घरात चार माणसं असली तरी प्रोसेसर उपयोगाचा आहे. पण एक अट : भांडं जड असतं, झाकण घट्ट पिळून बसवावं लागतं. ज्यांचा हात दुखतो त्यांनी दुकानात स्वतः ते झाकण लावून, काढून पाहावं. जमलं नाही, तर ते मशीन त्यांच्या कामाचं नाही.

म्हणून खरेदीला एकट्या मुलानं किंवा यजमानांनी जाऊ नये. जी व्यक्ती मशीन वापरणार आणि जी धुणार, तिला सोबत न्यावं. आणि दुखण्यावर उपाय मशीन घेण्याइतकाच घरातल्या दुसऱ्या कुणी कणीक मळण्यातही आहे, हेही घरात एकदा बोलून घ्यावं.

एका आठवड्याची वही

खरेदीआधी सात दिवस एक साधी नोंद ठेवावी : कणीक किती वेळा मळली, किसणं किती वेळा झालं, अर्ध्या किलोपेक्षा जास्त भाजी किती वेळा चिरली. मग हिशेब सोपा आहे.

उदाहरणार्थ, मशीन 8,000 रुपयांचं आणि ते आठ वर्षं चाललं असं धरू. वर्षाला 1,000 रुपये पडले. आठवड्यातून चारदा, म्हणजे वर्षातून साधारण 200 वेळा वापरलं तर एका वेळेला 5 रुपये. फक्त दिवाळी, होळी आणि पाहुणे धरून दहा वेळा वापरलं तर एका वेळेला 100 रुपये. त्यापेक्षा त्या दिवशी मदतीला बाई बोलावणं परवडतं.

विजेची चिंता मात्र नको. 750 वॅटचं मशीन रोज दहा मिनिटं चाललं तरी महिन्याला चार युनिटांपेक्षा कमी वीज लागते.

जागाही मोजावी. ओट्यावर कायम राहणारं मशीनच वापरात राहतं. ‘लागेल तेव्हा काढू’ म्हणून वर ठेवलेलं सहसा खाली येत नाही.

दुकानात काय विचाराल?

– भांड्यात जास्तीत जास्त किती ग्रॅम पीठ मळता येतं? खोक्यावरची लिटरमधली क्षमता त्याचं उत्तर नव्हे.
– सलग किती मिनिटं चालवायचं आणि किती वेळ थांबायचं? हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं.
– जास्त ताण आल्यावर मोटर आपोआप बंद होते का? बहुतेक मशीनच्या तळाशी लाल बटण असतं. मशीन अचानक बंद पडलं तर प्लग काढून, मोटर थंड होऊ देऊन ते बटण दाबावं; बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं.
– झाकण नीट बसल्याशिवाय मशीन सुरू होत नाही ना? लहान मुलं असलेल्या घरात हे फार महत्त्वाचं.
– भांडं, झाकण, पातं, कपलर सुटं मिळतं का? मोटरआधी झाकणाची कड आणि कपलर तुटतात.
– आयएसआय चिन्ह आणि परवाना क्रमांक आहे का? ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तो क्रमांक तपासता येतो.

जुना मिक्सर चांगला चालत असेल तर त्याच कंपनीचं जादा प्रोसेसर भांडं त्याला बसतं का, हे आधी विचारावं. आणि फक्त कांदा-मिरचीचा त्रास असेल तर काहीशे रुपयांचा दोरी ओढायचा चॉपर आणि चांगली किसणी यावर भागतं.

एका राज्यात खरेदी, दुसऱ्यात घर

सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या घरांत हे नेहमीचं : मशीन पुण्याहून भावानं पाठवलं किंवा जळगावहून येताना आणलं, आणि बिघडलं उज्जैनमध्ये. हमी देशभर लागू आहे का आणि आपल्या गावात सेवा केंद्र आहे का, हे पैसे देण्याआधी विचारावं. बिलावर मशीनचा अनुक्रमांक आणि खरेदीची तारीख घ्यावी.

तक्रार करायची वेळ आली तर ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. खरेदी दुसऱ्या राज्यातली असली तरी. मुदत दोन वर्षांची. त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

घरून डबे किंवा फराळाची विक्री करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट वाचावी. घरगुती मशीनच्या हमीपत्रात व्यावसायिक वापर सहसा वगळलेला असतो. उज्जैनमध्ये 2028मध्ये सिंहस्थ आहे. त्या निमित्तानं डब्यांचं काम वाढवायचा विचार असेल तर घरगुती प्रोसेसरवर भिस्त ठेवू नये. चाळीस माणसांची कणीक रोज मळायला वेगळं, व्यावसायिक यंत्र लागतं.

थोडक्यात

घरात सहा-आठ माणसं, रोज पोळ्या, आठवड्यातून दोन-तीनदा किसणं आणि ओट्यावर जागा असेल तर प्रोसेसर घ्यावा. माणसं कमी, पण कणीक मळणाऱ्याचा हात दुखत असेल आणि झाकण त्यांना स्वतःला लावता येत असेल तरी घ्यावा. दोन-तीन माणसं, हात ठणठणीत आणि चांगला मिक्सर घरात असेल तर नको. टावर चौकात गाडीवरची चाट खाऊन घरी परत यावं. खोकं पुढच्या वर्षीही तिथंच असेल.