धागा आणि टाका

भगिनींनो, दुपारची कामे आटोपून रहस्यकथा हाती घेतली की ठरलेले शब्द भेटतात: संशयित, पुरावा, हेतू, धागादोरा. यांतला धागादोरा मोठ्या मौजेचा. इंग्रजीत त्याला ‘क्लू’ म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थही सुताचा गुंडा असाच आहे! ग्रीक पुराणातील राजकन्या अ‍ॅरियाडनी हिने थीसियसला असा गुंडा दिला. त्या सुताच्या आधाराने तो भुलभुलैयातून सुखरूप बाहेर आला.

हे सूत पुढे एका खऱ्या खटल्यापाशी येऊन पोहोचते. १९०० सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील आयोवा राज्यात जॉन हॉसॅक या शेतकऱ्याचा बिछान्यातच कुऱ्हाडीने खून झाला. संशय पत्नी मार्गारेटवर आला. १९०१ साली ज्यूरीने तिला दोषी ठरविले. १९०२ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला; १९०३ साली पुन्हा खटला चालला, तेव्हा ज्यूरीचे एकमत होईना, आणि ती सुटली. त्या ज्यूरीत बाई एकही नव्हती. तो हक्कच त्या राज्यात बायकांना १९२० पर्यंत नव्हता.

खटल्याच्या बातम्या देणाऱ्या सुसान ग्लास्पेल यांनी त्यावरून १९१६ साली ‘ट्रायफल्स’, म्हणजे ‘क्षुल्लक गोष्टी’, ही एकांकिका लिहिली. तीत पुरुषमंडळी घरभर ‘हेतू’ शोधतात. स्वयंपाकघरात काय असणार, म्हणून हसून पुढे जातात. मागे राहिलेल्या दोघी बायकांना अर्धवट गोधडी दिसते. सारे टाके सुबक, एका तुकड्यावर मात्र वेडेवाकडे. हात का बरे थरथरला असेल? मग शिवणाच्या पेटीत मान मुरगळलेला पाळीव पक्षी सापडतो, आणि त्या घरातील जाच उलगडतो. दोघी तो पक्षी लपवून ठेवतात.

हा न्याय की अन्याय, यावर आपल्यात वाद होईल; व्हावाही. पण त्यांतील शेजारीण हळहळते, ती मनाला लागते: वर्ष उलटले, मी हिच्या घरी फिरकले नाही; हाही गुन्हाच नव्हे का?

वेडावाकडा टाका ओळखायला शिवणारीचेच डोळे लागतात. ते आपल्यापाशी आहेत. मात्र त्यासाठी शेजारणीचा उंबरा वेळेवर ओलांडला पाहिजे.