दहावे पद

शिष्यवृत्ती परीक्षेला बसलेल्यांना तो प्रश्न आठवत असेल: मालिका पूर्ण करा. १, १२१, १२३२१, १२३४३२१ आणि पुढे रिकामी जागा. आपण १२३४५४३२१ असे लिहितो, गुण मिळवतो आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतो. या मालिकेला एक नाव आहे, त्या नावामागे एक रेल्वे स्थानक आहे आणि दहाव्या पदापाशी ही मालिका आपल्याला चकवते, हे मात्र परीक्षेत कोणी सांगत नाही.

मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर, डेम्लो नावाचे स्थानक होते. आजची डोंबिवली ती हीच. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना या संख्यांचा विचार तिथे सुचला आणि त्यांनी त्यांचे नाव ‘डेम्लो संख्या’ असे ठेवले. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, ठाण्यात शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. ठाण्याहून पुण्याला जाणारी गाडी डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर अशीच जाते. तेव्हा ही वाट त्यांच्या विद्यार्थिदशेची वाट होती, असे म्हणायला हरकत नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळेत शिकवत होते. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते, आणि त्यांच्या संशोधनाला करमणूक समजणारे जाणकारही होते. डेम्लो संख्यांवरचे त्यांचे टिपण १९३८ साली ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’मध्ये आले. १९३९ साली गुंजीकरांबरोबर लिहिलेला लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापला गेला. पुढे आणखी एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी देवळालीचे नाव दिले.

आता मालिकेकडे वळू. ही पदे म्हणजे १, ११, १११, ११११ यांचे वर्ग आहेत. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला तर १२३४५६७८९८७६५४३२१ येते, आणि चढण-उतार अगदी रेखीव राहतो. दहाव्या पदाला तो मोडतो. दहा वेळा १ लिहून केलेला वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ आहे. चढणीवरचा आठ नाहीसा झाला आणि शिखरावर दोन शून्ये आली. कारण साधे आहे: मधल्या स्तंभाची बेरीज दहा होते आणि हातचा एक डावीकडे सरकतो. डोळ्यांना दिसलेला आकार हा नियम नव्हता. नियमाची ती नऊ पदांपुरती सावली होती.

कापरेकरांची व्याख्या या सावलीवर उभी नाही. त्यांच्या मते डाव्या भागाची आणि उजव्या भागाची बेरीज केली असता एकच अंक पुन्हा पुन्हा यावा आणि मधल्या भागात तोच अंक असावा. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५ होतात, आणि मध्ये पाचच आहेत. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३ होतात, आणि मध्ये तीन आहे. मधला भाग नसला आणि डावीकडे एक शून्य जोडावे लागले, तरी चालते. ही कसोटी मोडक्या दहाव्या पदाला लावून पाहू. ०१२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१ यांची बेरीज ११११११११११ होते. अकराव्या पदाचे असेच दोन भाग केले तर बेरजेत अकरा वेळा २ येतात. हा अंक आपल्या आजोबांच्या पिढीला ओळखता आला असता. तो पदक्रमाचा ताळा आहे: दहाचा १, अकराचा २. आकार मोडला, पण नियम अभंग राहिला.

साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट जवळची वाटावी. आपणही कृतींमध्ये आकृतिबंध शोधतो. प्रतिमांची आवर्तने मोजतो, पहिल्या आणि शेवटच्या प्रकरणांची सममिती दाखवतो. तो आकृतिबंध कृतीचा आहे की आपल्या वाचनाच्या रीतीचा, हा प्रश्न मात्र बहुधा राहून जातो. हा प्रश्न कापरेकरांच्याच दुसऱ्या, अधिक प्रसिद्ध शोधाने फार स्वच्छ मांडला आहे.

अंबरनाथच्या शिवमंदिरातला शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा आहे. मंदिरापासून जवळच, कल्याणच्या लष्करी छावणीत वसवलेल्या सिंधी निर्वासितांच्या वस्तीला ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी उल्हासनगर हे नाव दिले. कापरेकरांनी आपला ६१७४ चा शोध मद्रासच्या परिषदेत मांडला, तोही १९४९ सालीच. चार अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून वजा करावेत आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करावी. १०६० घेतले तर क्रमाने ६०८४, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४ अशी वाट मिळते. १९४९ घेतले तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२, ६१७४ अशी. दोन्ही वर्षे सातव्याच पायरीला एका संख्येवर येऊन थांबतात.

मंदिर आणि छावणी यांच्यात नऊशे वर्षांचे काही गूढ नाते आहे, असे इथे म्हणावेसे वाटते. तसे काही नाही. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ला पोहोचते. हा गुण त्या वर्षांचा नसून रीतीचा आहे. घोडे बदलण्याची जागा म्हणून बदलापूर, ही लोकव्युत्पत्ती आपण ऐकतो तेव्हाही याच प्रकारचा मोह असतो. ध्वनी जुळला की अर्थ जुळला असे वाटते, आणि पुरावा मागायचे राहून जाते.

मग आकृतिबंधावर विश्वास कधी ठेवावा? आपल्याच छंदःशास्त्रात याचे उत्तर आहे. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. ठराविक मात्रांच्या चरणाची किती रूपे होतात, हे मोजताना १, २, ३, ५, ८, १३ ही मालिका येते. विरहांकाला ती ठाऊक होती आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने ती मांडली. फिबोनाचीचा ग्रंथ त्यानंतरचा, १२०२ चा. ही मालिका केवळ दिसते म्हणून खरी नाही. चरणाच्या शेवटी लघू असेल तर आधी एक मात्रा कमी उरते, गुरू असेल तर दोन. म्हणून प्रत्येक संख्या मागच्या दोन संख्यांची बेरीज असते. इथे आकृतिबंधाला कारण आहे, आणि ते कारण चरणाच्या रचनेतच आहे.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीच्या शिक्षकाचे नाव जगभर गेले. तोवर त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. मालिका पूर्ण करा, हा प्रश्न शाळेत विचारला जातोच. त्याला जोडून दहावे पद स्वतः गुणून पाहायला सांगितले, तर विद्यार्थ्याला अंदाज आणि सिद्धता यांतला फरक एका गुणाकारात कळेल. कादंबरीत सममिती शोधणाऱ्या आम्हां वाचकांनाही तो गुणाकार एकदा करून पाहायला हवा.