चेटूक व ख्रिस्ती धर्म, यूरोपातील
करणी, दृष्ट, मंत्रतंत्र यांवरील लोकविश्वास यूरोपात ख्रिस्ती धर्माच्या प्रसारापूर्वीपासून रूढ होता. तथापि पंधराव्या शतकापासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत चेटकाच्या आरोपावरून सु. ४० ते ६० हजार माणसांना देहान्त शिक्षा झाली, तिचे खापर केवळ लोकभ्रमावर फोडता येत नाही. बळी पडलेल्यांत सु. तीन-चतुर्थांश स्त्रिया होत्या. शेजारणीच्या करणीने गाय आटली, ही खेडुताची तक्रार. त्या शेजारणीने सैतानाशी करार केला असून ती रात्री त्याच्या मेळाव्याला उडत जाते, ही धर्मपंडितांनी घातलेली भर होय. न्यायालयात या दोन्ही कल्पना एकत्र आल्या.

चर्चची पूर्वीची भूमिका याच्या उलट होती. दहाव्या शतकाच्या आरंभी प्र्यूमचा मठाधिपती रेगिनो याने संकलित केलेल्या ‘कॅनन एपिस्कोपी’ या नियमानुसार, डायाना देवतेबरोबर रात्री संचार केल्याचे सांगणाऱ्या स्त्रिया सैतानी भ्रमाला सत्य समजतात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारा श्रद्धेपासून ढळतो. पुढे पाखंड्यांविरुद्धच्या मोहिमांत हा विचार मागे पडला. १४८४ मध्ये आठव्या इनोसंट पोपने जर्मनीतील चेटकाच्या चौकशीस आज्ञापत्राद्वारे पाठिंबा दिला. त्यानंतर हाइन्रिख क्रामरचा मालेउस मालेफिकारुम (१४८६) हा ग्रंथ निघाला. तो चर्चचा अधिकृत ग्रंथ असल्याचा समज प्रचलित आहे, पण तो बरोबर नाही. क्रामरने इन्सब्रुक येथे चालविलेला खटला तेथील बिशपच्या विरोधामुळे फसला होता. स्पॅनिश इन्क्विझिशनच्या सर्वोच्च मंडळानेही १५३८ मध्ये या ग्रंथातील सर्वच मजकूर खरा मानू नये, असे आपल्या अधिकाऱ्यांना कळविले होते.

धर्मसुधारणा आंदोलनाने चेटकावरील विश्वास कमी केला नाही. चेटकिणीला जिवंत ठेवू नये, हा जुन्या करारातील आदेश प्रॉटेस्टंटांनाही शिरोधार्य होता. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याने १५९७ मध्ये या विषयावर स्वतः ग्रंथ लिहिला. मात्र त्याच बायबलातून ल्यूथरपंथी योहान ब्रेंत्स याने १५३९ मधील प्रवचनात निराळा अर्थ काढला : गारपीट चेटकिणींच्या नव्हे, ईश्वराच्या इच्छेने होते.

सर्वाधिक संहार सु. १५६० ते १६५० या काळात व मुख्यतः पवित्र रोमन साम्राज्याच्या लहान संस्थानांत झाला. कडक थंडी, बुडालेली पिके आणि धर्मयुद्धे यांनी भयात भर घातली. ट्रीर, बांबेर्ख, वुर्ट्‌सबुर्ख येथे बिशप हाच राज्यकर्ता असून त्याच्या न्यायालयांवर वरिष्ठ अंकुश नाममात्रच होता. चेटूक हा असाधारण गुन्हा मानून यातनांवरील कायदेशीर मर्यादा बाजूला ठेवल्या जात. बांबेर्खचा नगराध्यक्ष योहानेस युनिउस याने १६२८ मध्ये तुरुंगातून मुलीला चोरून पत्र लिहिले. आपली कबुली खोटी असून ती यातनांमुळे दिली, असे त्याने त्यात कळविले. पुढे त्याला मृत्युदंड झाला.

स्पेनमधील अनुभव या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. १६०९ मध्ये फ्रान्सच्या लाबूर प्रांतात न्यायाधीश प्येअर द लांक्र याने मांडलेल्या छळाची घबराट सीमेपलीकडील नव्हार्रातही पसरली. नोव्हेंबर १६१० मध्ये लोग्रोन्यो येथील इन्क्विझिशनने सहा जणांना जाळले. तुरुंगातच मेलेल्या पाच जणांच्या प्रतिमा जाळण्यात आल्या. तिघा न्यायाधीशांपैकी सर्वांत कनिष्ठ आलोन्सो दे सालासार फ्रीआस १६११ मध्ये क्षमेचा जाहीरनामा घेऊन त्या डोंगराळ मुलखात हिंडला. सु. १,८०० जणांनी त्याच्यासमोर कबुली दिली, त्यांतील सु. १,४०० मुले होती. त्याने साक्षीदारांना मेळाव्याच्या जागी वेगवेगळे नेऊन प्रश्न विचारले, तेव्हा उत्तरे जुळेनात. जप्त केलेली मलमे जनावरांवर वापरून पाहिली. ती निरुपद्रवी ठरली. चेटकाविषयी बोलणे व लिहिणे सुरू होईपर्यंत त्या मुलखात चेटूक नव्हते, असा निष्कर्ष त्याने कळविला. सालासारने सैतानाचे अस्तित्व कोठेही नाकारले नाही. त्याने फक्त पुरावा मागितला. १६१४ मध्ये सर्वोच्च मंडळाने त्याचे म्हणणे बहुतांशी स्वीकारून नवे नियम काढले आणि इन्क्विझिशनकडून चेटकाबद्दल जाळणे जवळजवळ थांबले. याच दशकाच्या अखेरीस कॅटलोनियातील स्थानिक लौकिक न्यायालये मात्र अनेक स्त्रियांना फाशी देत होती.

जर्मनीत फ्रीड्रिख श्पे या जेझुइट धर्मगुरूने १६३१ मध्ये निनावी ग्रंथ लिहून असाच युक्तिवाद केला : यातना दिल्या तर कोणीही चेटकी ठरेल. डच धर्मोपदेशक बाल्टासार बेकर याने १६९१ पासून सैतानाच्या ऐहिक सामर्थ्यावरच आक्षेप घेतला. त्याला धर्मोपदेशकपद गमवावे लागले. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी कायदा १७३६ मध्ये रद्द झाला. स्वित्झर्लंडमधील ग्लारूस येथे आना गल्डी या मोलकरणीचा १७८२ मध्ये शिरच्छेद करण्यात आला. निकालपत्रात चेटकाचा शब्द टाळून तिला विषप्रयोगाबद्दल दोषी ठरविले होते. ग्लारूसच्या विधिमंडळाने २००८ मध्ये तिला निर्दोष घोषित केले.