वाघाची ओळखपरेड

आमचे मोठे बाबा सिंदेवाहीच्या जंगलात वनरक्षक होते. वाघाच्या ठशावर काच धरून तो गिरवायचा, प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा काढायचा, ही त्यांची विद्या. ठसा चौकोनी तर नर, लांबट तर मादी. लहानपणी मला ते थेट शेरलॉक होम्स वाटायचे!

ही पद्धत १९६६ मध्ये ओडिशाच्या सरोज राज चौधरींनी बसवली. १९७२ च्या देशव्यापी गणनेत तिने १,८२७ वाघ मोजले, २००१-०२ मध्ये ३,६४२. आणि २००५ मध्ये कळलं की सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही. शिकाऱ्यांनी संपवले होते, कागदावर मात्र होते. मग २००६ पासून कॅमेरे आले आणि नव्या पद्धतीचा अंदाज निघाला १,४११.

प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. (बोटांच्या ठशांचं जगातलं पहिलं कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात निघालं. वर्गीकरणाचं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचं, नाव झालं साहेबाचं, हेन्रीचं. असो.) वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टेही सारखे नसतात, म्हणून कॅमेरे समोरासमोर दोन लावतात.

माणूस मारला गेला की खरी कसोटी. चुकीचा वाघ पकडला, तर खरा मोकळाच राहतो. २०१३ च्या केंद्रीय नियमावलीनुसार आधी वाघाची ओळख पटवायची. छायाचित्र, ठसे, केस, विष्ठा, डीएनए. म्हणजे पशुवैद्य, जनुकशास्त्रज्ञ, पोलीस सगळे आले. पण जागेवर पहिला पोचतो तो वनरक्षकच. गर्दीनं ठसे तुडवले किंवा ओला नमुना प्लॅस्टिकमध्ये कोंबून कुजवला, तर पुढचं शास्त्र काय करणार? त्याचं प्रशिक्षण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

लंडनमध्ये २००१ मध्ये 'गुन्हेविज्ञाना'ची संस्था निघाली. कोणी केलं याइतकंच कुठे, केव्हा, कशामुळे घडलं हे विचारायचं, म्हणजे पुढचा गुन्हा टळेल, असा तिचा विचार. वाचताना मला आमचा मोहच आठवला. पहाटेचा अंधूक उजेड, झाडाखाली वाकून वेचणारी एकटी बाई. वाघाला ती माणूस वाटतच नसावी.

मोठ्या बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. म्हणाले, "बरोबर आहे बेटा. पण तपासणीचा अहवाल येईस्तोवर मोह पडायचा थांबते का?"

मोठी आई गेल्या हंगामातही गेली. चौघींबरोबर, थोडं उजाडल्यावर.