ब्राउझरमधली ई-मेल आणि तिचे बिघाड

ब्राउझर तयार झाला तो पाने वाचण्यासाठी. पत्रव्यवहार त्यात नंतर शिरला. ज्या एचटीटीपी नियमांवर वेब चालते, त्यांत प्रत्येक मागणी सुटी असते. सर्व्हर पान देतो आणि मागणारा कोण होता हे विसरून जातो. मेलपेटीला हे विसरणे परवडत नाही. १९९४ मध्ये नेटस्केपच्या लू माँटुली यांनी यावर कुकीचा उपाय काढला: सर्व्हरने दिलेली छोटी नोंद ब्राउझर जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीसोबत परत पाठवतो. वेबमेलची सर्वांत जुनी तक्रारही इथलीच आहे. पासवर्ड बरोबर असतो, तरी लॉगिनचे पान पुन्हा पुन्हा समोर येते. अशा वेळी बहुधा कुकी बंद केलेल्या असतात किंवा एखादी जुनी, बिघडलेली कुकी आड येत असते. त्या साइटच्या कुकी काढून टाकल्या की पेटी उघडते.

सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केली. पेटी २ एमबीची होती, पण कोणत्याही संगणकावरून उघडता येत असे. भारतात विदेश संचार निगमची इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून सुरू झाली होती; तरी घरी संगणक आणि डायल-अप जोडणी असणारे थोडेच होते. बाकीच्यांची मेल सायबर कॅफेत उघडू लागली. तिथे नवाच धोका निर्माण झाला. एकाने लॉगआउट करून खुर्ची सोडली, तरी दुसऱ्याने ‘बॅक’ दाबताच आधीची पत्रे ब्राउझरच्या साठवणीतून, म्हणजे कॅशमधून, पडद्यावर येऊ शकत. मग पाने साठवू नयेत अशी सूचना सेवांनी ब्राउझरला पाठवायला सुरुवात केली आणि ग्राहकांना खिडकी बंद करून तात्पुरत्या फायली पुसण्याची सवय लावून घ्यावी लागली.

मराठीत लिहिणाऱ्यांचा त्रास याहून खोल होता. आधीच्या अनेक फाँटांमध्ये देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. तोच फाँट समोरच्याकडे नसेल, तर पत्र म्हणजे अर्थहीन रोमन अक्षरांची रांग. त्यामुळे पत्रासोबत फाँटही पाठवावा लागे, नाहीतर मजकुराचे चित्र करून जोडावे लागे. युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि विंडोज २००० मध्ये मंगल फाँट आला, तरी घोळ संपला नाही. युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ब्राउझरने ते पश्चिम युरोपीय लिपी समजून वाचले, तर एकेका चिन्हाच्या जागी तीन परकी चिन्हे दिसतात. पहिले नेहमी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ‘ए’, दुसरे चलनाचे किंवा येनचे. हा नमुना दिसला की मजकूर शाबूत आहे असे समजावे. इंटरनेट एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’ मेन्यूत ‘एन्कोडिंग’ यूटीएफ-८ केले की पत्र वाचता येई. पण अक्षरांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे असतील, तर अक्षरे वाटेतच नष्ट झालेली असतात. ब्राउझरमधली कोणतीही खटपट ती परत आणू शकत नाही. पत्र पुन्हा मागवावेच लागते.

१९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये एक सोय आली. तिच्यामुळे पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवता येऊ लागली. ती घडवली होती मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक वेब ॲक्सेससाठी, म्हणजे मेलसाठीच. १ एप्रिल २००४ रोजी १ जीबीची पेटी घेऊन आलेले जीमेल याच तंत्रावर उभे होते. आता मेल हे पान राहिले नाही, तो ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम झाला. त्याबरोबर बिघाडाची लक्षणेही बदलली. पेटी ‘लोडिंग’वर अडकते किंवा ‘सेंड’ दाबले तरी काही होत नाही. कारण कॅशमधली जुनी स्क्रिप्ट असेल किंवा जाहिराती अडवणारे एक्स्टेंशन. क्रोममध्ये २००८ पासून असलेली इनकॉग्निटो खिडकी इथे फार उपयोगी पडते. तिच्यात एक्स्टेंशन आपोआप बंद असतात आणि कुकीही कोऱ्या असतात. मेल तिथे नीट चालली, तर दोष नेटचा किंवा सर्व्हरचा नाही, नेहमीच्या खिडकीतल्या साठवणीचा किंवा एक्स्टेंशनचा आहे. मग एक्स्टेंशन एकेक बंद करून पाहावीत.

जानेवारी २०१० मध्ये जीमेलने सर्वांसाठी एचटीटीपीएस, म्हणजे सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासून होणारी सुरक्षित जोडणी, आपोआप लागू केले. सुरक्षेसाठी ते आवश्यकच होते, पण संगणकाच्या घड्याळाला त्यामुळे अचानक महत्त्व आले. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की बंद-चालू करताना तारीख काही वर्षे मागे जाते. मग ब्राउझरला सर्व्हरचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे वाटते आणि तो मेल उघडू देत नाही. तारीख दुरुस्त केली की अडचण सुटते, सेल बदलला की ती परत येत नाही. ३० सप्टेंबर २०२१ रोजी उलट घडले. घड्याळे बरोबर होती, पण लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेने दिलेल्या प्रमाणपत्रांना आधार देणाऱ्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि बऱ्याच काळात अपडेट न झालेल्या उपकरणांवर अनेक साइट उघडेनाशा झाल्या.

इंटरनेट एक्स्प्लोररचा आधार १५ जून २०२२ रोजी संपला. जीमेलचे साधे एचटीएमएल रूपही २०२४ च्या सुरुवातीला बंद झाले. जुना संगणक आणि रखडती जोडणी असलेल्यांचा तो मोठा आसरा होता आणि त्याची उणीव खरोखर जाणवण्याजोगी आहे. अशा संगणकावर आता थंडरबर्डसारखे मेल सॉफ्टवेअर आयमॅपने जोडणे, हाच बरा मार्ग उरतो.